अर्धा तुकडा सुखडी

फ्रेंच लोकांचा आठवडा सोमवारी सुरू होतो, ही गोष्ट मला शांतीयी नावाच्या गावात, रेसकोर्सच्या कुलूप लावलेल्या फाटकासमोर, सव्वीस प्रवाशांच्या साक्षीनं कळली. त्यांच्या कॅलेंडरात पहिलं घर सोमवारचं आणि शेवटचं रविवारचं. महिनाभरापूर्वी मी बडोद्यात, वासण्याच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या शर्यतींचा तक्ता पसरून बसलो होतो. शेवटच्या घरात एक छोटासा घोडा काढलेला दिसला. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात शेवटचा वार शनिवार, म्हणून मी कार्यक्रमपत्रिकेत ठळक अक्षरांत छापून टाकलं, 'शनिवार : घोड्यांची शर्यत'. घोड्याच्या डोक्यावर तारखेचा आकडा होता. तो ताडून बघायचा असतो, हे पाचवीतलं मूलही सांगेल. मी नाही बघितला.

सकाळचे साडेआठ वाजले होते. मे महिना असूनही दाट धुकं होतं. फाटकाच्या आत एक माणूस यंत्रानं गवत कापत होता. त्यानं कानावरची झाकणं काढली, माझ्या हातातला तक्ता पाहिला आणि फार दयेनं शेवटच्या घरावर बोट ठेवून सांगितलं, शर्यत उद्या. रविवारी. रविवारी सकाळी सातला आमची बस स्वित्झर्लंडला निघणार होती.

"मनोहरभाई, घोडा तो एकेय देखातो नथी," मागून जयंतीभाई म्हणाले. जयंतीभाईंचा गोरव्याला व्हॉल्व्हचा कारखाना आहे, आणि कारखान्यात काय किंवा फ्रान्समध्ये काय, खोट पहिल्यांदा त्यांनाच दिसते.

"धुकं आहे ना, जयंतीभाई."

"धुम्मस जशे एटले घोडा आवशे?" धुकं गेलं म्हणजे घोडे येतील का?

सगळे हसले. मीही हसलो. टूर मॅनेजरला हसावंच लागतं, ते नोकरीत धरलेलं असतं.

लोकांना वाटतं हा माणूस फुकटात जग फिरतो. माझी मेहुणी तर दर दिवाळीला म्हणते, "भावजी, तुमची मजा आहे." मजा अशी की मी आयफेल टॉवर चाळीस वेळा पाहिला आहे आणि त्यातला बहुतेक वेळा फक्त पायथा, कारण स्वच्छतागृहाची रांग तिथं असते. हे काम म्हणजे मुख्यतः मोजणं. बसमध्ये चढताना माणसं मोजायची, उतरताना मोजायची, जेवल्यावर मोजायची. बोटानं मोजायचं नाही, लोकांना मेंढरांसारखं वाटतं. नुसत्या डोळ्यांनी, हवापाण्याच्या गप्पा मारत मोजायचं. आज पुढच्या सीटवर कोण बसणार याचा हिशोब ठेवायचा, कारण या एका सीटवरून मी सख्ख्या व्याह्यांना अबोला धरताना पाहिलं आहे. हॉटेलच्या ग्लासात विसरलेली कवळी पुढच्या देशात पोहोचती करायची. एक गृहस्थ दर हॉटेलात गेल्या गेल्या पलंग वितीनं मोजायचे आणि बायकोचा पलंग दोन बोटं मोठा निघाला की मला फोन करायचे. एक काकू बर्फाच्या डोंगरावर, तीन हजार मीटरवर, मला म्हणाल्या, "मनोहर, ऊन काय सुरेख आहे रे इथं. पापड आणायला हवे होते वाळवायला."

आणि एक काकू अनारशांच्या. त्या दुबईच्या सहलीला आल्या होत्या. आखाती देशांत खसखस न्यायला सक्त मनाई आहे. खसखस येते अफूच्या बोंडातून, आणि तिथले अधिकारी या दोहोंत फरक करत नाहीत. म्हणून दुबईच्या सहलीआधी मी बडोद्यातच सगळ्यांचे डबे उघडून बघतो. या काकूंचा डबा उघडला तर साठ अनारसे, खसखशीनं नखशिखान्त माखलेले. मी ते तिथंच उतरवून घेतले. काकू पाच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. वाळवंटातल्या जेवणात फक्त एकदा, दुसऱ्या कुणाला तरी ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अनारसे असते तर."

युरोपला जाताना ही तपासणी मी करत नाही. गरज नसते. म्हणजे, नव्हती.

उलट युरोपला जाताना खसखस मी स्वतःच नेतो. दर सहलीआधी माझी बायको सुधा डबाभर सुखडी करून देते. सुखडी म्हणजे गूळपापडी, कणीक तुपात भाजून गूळ घालून ताटात थापायची. बडोद्यात घरोघरी होते. सुधा वरून खसखस भुरभुरते, चांगली मूठ मूठ. बस रखडली, विमान चुकलं, कुणाला घरची आठवण आली, की मी डबा फिरवतो. काही प्रवासी दुसऱ्यांदा येतात ते युरोपसाठी की डब्यासाठी, हे मी विचारत नाही.

तर त्या बंद फाटकाशी सव्वीस जणांपैकी पंचवीस जणांचं काही बिघडलं नव्हतं. समोर राजवाडा होता, तळं होतं, या गावाच्या नावानं जगभर खाल्ली जाणारी फेटलेली साय होती. बिघडलं होतं एकाचं, आणि ते माझ्याकडे बघतही नव्हते.

अप्पा मोहिते, वय एकोणऐंशी, मुक्काम बडोद्यातलं अकोटा, रिफायनरीतून निवृत्त. सहा महिन्यांपूर्वी ते आमच्या ऑफिसात आले, खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "शांतीयी दाखवता का?" आम्ही दाखवत नव्हतो. पॅरिसहून तासाभराचं हे गाव आमच्या कुठल्याच पत्रिकेत नव्हतं. का बघायचंय म्हणून विचारलं, तर ते दीड तास बोलले. चहा दोनदा झाला.

अप्पांचे आजोबा आणि वडील बडोदे संस्थानच्या पागेत होते. लहानपणी वडील त्यांना एक गोष्ट सांगत. घोडे घेऊन बडोद्याला आलेल्या कुणा फ्रेंच माणसाकडून त्यांनी ती ऐकली होती. त्याच्या देशात एक गाव आहे, तिथल्या राजपुत्राची खात्री होती की आपण पुढच्या जन्मी घोडा होणार. म्हणून त्यानं आपल्याला शोभेलसा, घुमटाचा, राजवाड्याएवढा तबेला बांधून ठेवला. आणि त्या तबेल्यापुढच्या हिरवळीवर जगातले उत्तम घोडे धावतात. वडील म्हणायचे, "बघ, पुनर्जन्म त्यांनाही आहे. फक्त ते आधी घर बांधतात."

मग संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले. वडील एका कचेरीत चिकटले आणि पुन्हा कधी घोड्याजवळ गेले नाहीत. फक्त रोज सकाळी चहाबरोबर गुळाचा खडा तळहातावर घेऊन क्षणभर हात पुढे धरायचे, मग तो स्वतःच्या तोंडात टाकायचे. पागेतली रीत होती ती. आधी त्याच्या तोंडात, मग आपल्या. घोड्यासमोर एकट्यानं खायचं नाही.

"मला बाकी काही नको," अप्पा म्हणाले होते. "त्या तबेल्यासमोर एक घोडा पळताना दाखवा. वडिलांचं राहिलंय."

आणि मी त्यांना शनिवार दाखवला.

मी जवळ गेलो. मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. ते खाली रस्त्याकडे बघत होते.

"अप्पा, माझी चूक झाली."

"चालायचं, मनोहरराव. घोडे असतील इथंच कुठंतरी. रस्ताभर लीद आहे. ताजी आहे."

मी जयंतीभाईंच्या हातात माझा झेंडा दिला आणि सगळ्यांना राजवाड्याकडे नेण्याची विनंती केली. झेंडा म्हणजे एका काठीला बांधलेला सुधाचा जुना केशरी दुपट्टा. जयंतीभाई एकदम सरळ चालू लागले. मी आणि अप्पा लिदीच्या मागानं निघालो.

हा सकाळचा तास मला अजून नीट मांडता येत नाही. घरी कितीदा सांगितला, दर वेळी थोडा वेगळा होतो. गाव संपलं आणि उंच झाडांचं रान सुरू झालं. रानातून एक रुंद वाट सरळ धुक्यात गेलेली, सगळी रेतीची. उन्हाळ्यात बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पात्रात दिसते तशी रेती, पण कुणी रात्रभर बसून इस्त्री केल्यासारखी. कुठं आवाज नाही. मग अप्पांनी माझा हात धरला. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांना पायाखालून कळलं होतं.

आधी श्वास ऐकू आले. मोठे, लयीतले, भाते चालल्यासारखे. मग टापा, रेतीमुळे दबलेल्या. मग धुक्यातून सात घोडे आले, पिंगट, काळे, एक राखी, वर पाठी वाकवून बसलेली माणसं. आमच्यापासून चार हातांवरून ते गेले आणि पुढच्या धुक्यात शिरले. सगळं मिळून दहा मोजायला लागतो तेवढाच वेळ. मी सवयीनं डोळ्यांनी मोजलेसुद्धा, सात. ते गेल्यावर आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी स्वप्नात उभे आहोत आणि त्याला जाग आली तर आपलं काय होईल, असं काहीतरी वाटलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते.

"बघितलेत ना?" मी विचारलं.

"बघतोय," ते म्हणाले.

आम्ही तसेच चालत राहिलो. पुढं वाट थोडी ओली होती, म्हणून मी म्हणालो, "अप्पा, सांभाळून, खाली शेण आहे."

"शेण न्हवं ते, लीद हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

आम्ही वळलो. एका पिंगट घोड्यावर पंचविशी-तिशीतला एक सडसडीत माणूस बसला होता आणि त्याचं तोंड कानापर्यंत हसत होतं. घोडाही आमच्याकडे बघत होता. मला वाटतं, तोही हसत असावा.

"कुठलं म्हणायचं पाव्हणं?" त्यानं विचारलं.

"बडोदे. आणि तुम्ही?"

"कोल्हापूर. शौकत. पुण्याला घोड्यांवर होतो, थितनं हिकडं आलो. चार वर्सं झाली, पर रानात मराठी आजच ऐकाय मिळाली." तो खाली उतरला. "आज्जा, या की जवळ. भिऊ नका."

"मी भीत नाही रे," अप्पा म्हणाले.

घोडा जेमतेम दोन वर्षांचा होता. त्याचं फ्रेंच नाव भलं लांब होतं, शौकत त्याला बारक्या म्हणायचा. "त्याला बी त्येच कळतंय." उद्या त्याची पहिली शर्यत होती. आमच्या चुकलेल्या रविवारी, त्याच बंद फाटकाच्या आत. म्हणून आज त्याला पळवायचं नव्हतं, नुसतं पाय मोकळे करून आणलं होतं. तबेल्यात आल्या दिवसापासून त्याची देखभाल शौकतकडे. "आई मोबाईलवर बघणार हाय. सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंया तिनं."

अप्पांनी हात पुढे केला. घाई केली नाही. बारक्यानं तो हुंगला आणि आपलं लांबट तोंड अप्पांच्या खांद्यावर ठेवलं. अप्पा त्याच्या कानाशी काहीतरी बोलू लागले. मराठीच होतं, पण मला लागलं नाही. पागेतले शब्द असावेत, सत्तर वर्षं न वापरलेले.

अप्पांना मधुमेह आहे. त्यांनी पहाटे गोळी घेतली होती आणि हॉटेलातली न्याहारी नावापुरतीच केली होती. आता त्यांचे हात थरथरताना दिसले आणि मी मुरलेल्या टूर मॅनेजरसारखा पिशवीतून डबा काढला. "अप्पा, एवढं खाऊन घ्या." शौकत आमच्याकडे पाठ करून घोड्याचा मागचा खूर उचलून त्यात अडकलेला खडा काढत होता.

अप्पांनी सुखडी घेतली. तिचे दोन तुकडे केले. अर्धा तळहातावर ठेवून हात पुढे केला. बारक्यानं ओठांनी हलकेच उचलला. मग अप्पांनी उरलेला अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. आधी त्याच्या, मग आपल्या. मागं धुकं विरत होतं, झाडांतून ऊन तिरपं येत होतं. मी फोन काढून फोटो घेतला. एकवीस वर्षांत घेतलेला माझा सर्वांत सुंदर फोटो आहे तो. कुणाला दाखवत नाही.

शौकत आम्हाला त्याच्या तबेल्याच्या दारापर्यंत घेऊन गेला. आत बाहेरच्यांना परवानगी नव्हती. "हितंच थांबा, ह्याला बांधून येतो, मग च्या पिऊ." तो आत गेला. मी भिंतीला टेकलो. भिंतीवर एक पाटी होती, फ्रेंच मजकूर, खाली चित्रं, प्रत्येक चित्रावर लाल फुली. कॉफीचा कप. चॉकलेट. ठिपक्याठिपक्यांचा पाव. आणि त्या पावाशेजारी एक बोंड.

फ्रेंच मला येत नाही. बोंड मला येतं. अनारशांच्या काकूंमुळे मी ते दहा वर्षं ओळखतो.

घोड्याला कसलं औषध तर दिलेलं नाही ना, हे बघायला शर्यतीनंतर त्याचं मूत्र तपासतात, एवढं मलाही ठाऊक होतं. काय झालं आहे ते मला एका क्षणात कळलं आणि पुढची पाच मिनिटं मी कुणालाच सांगितलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहायचं तर हेच लिहायला हवं. आम्हा बडोदेकरांच्या मनात संकटाच्या वेळी पहिला शब्द मराठी येत नाही, गुजराती येतो : जवा दो ने. जाऊ दे ना. अर्धाच तर तुकडा. त्यावर खसखस किती, चिमूटभर. कुणी पाहिलं नाही. उद्या सातला आपण स्वित्झर्लंडच्या वाटेवर. असं मी स्वतःला समजावत होतो आणि समोर, उघड्या दारातून, शौकत घोड्याच्या गळ्यात हात टाकून त्याला काहीतरी सांगताना दिसत होता. उद्या सापडलं तर दोष कुणाला लागणार, हेही दिसत होतं.

"मनोहरराव, तोंड का असं झालंय?" अप्पांनी विचारलं.

मी पाटीकडे बोट दाखवलं. मग डब्याकडे. खसखस कशातून येते आणि कुठं सापडते, ते सांगितलं. अप्पा बाहेरच्या दगडी ओट्यावर बसले. बराच वेळ ते आपल्या उजव्या तळहाताकडे बघत होते.

"अप्पा, सुखडी माझी. मी सांगतो. तुम्ही बसून राहा."

"हात माझा होता," ते म्हणाले. उठले, कोटाची बटणं लावली. "पागेत रीत होती. घोड्याला काही झालं तर आधी सांगायचं. मार मग खायचा."

शौकत बाहेर आला तो तीन कागदी पेल्यांत चहा घेऊन. अप्पांनी त्याला सगळं सांगितलं. एकही शब्द इकडंतिकडं केला नाही. शौकतनं पेले ओट्यावर ठेवले, अगदी हळू, एकेक करून.

"मी पाठ का केली," तो म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला. आम्हाला तो एक शब्दही वाकडा बोलला नाही. "घोड्याला काय व्हायचं न्हाई, आज्जा. पर तपासणीत घावतंय. मग मॅडमचं नाव जातंय आन् मी घरला."

मॅडम म्हणजे तिथली ट्रेनर, तबेल्याची मुख्य. साठीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, पायाशी एक छोटा कुत्रा. शौकतनं तिला फ्रेंचमध्ये सांगायला सुरुवात केली, पण मध्येच तो अडला, म्हणून मी माझ्या इंग्रजीत पुढं झालो. फोनमधला फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून बघितला. नंतर डबा मागितला. एक वडी उचलली, नाकाशी नेली, उजेडात धरून वरचे पांढरे कण नखानं खरवडले. मग ती बाजूला जाऊन डॉक्टरशी फोनवर बोलली. आम्ही तिघं उभे होतो. एकवीस वर्षं लोकांना रांगेत उभं केलं, त्या सगळ्या रांगा मला त्या पाच मिनिटांत भरून मिळाल्या.

ती परत आली. घोडा उद्या धावणार नाही, म्हणाली. त्याचं नाव ती मागं घेत होती.

शौकतनं मान हलवली आणि घोड्याकडे बघायचं टाळलं.

"त्यानं घोड्याला खायला का दिलं?" तिनं मला विचारलं. मी अप्पांकडे वळलो. अप्पांनी मराठीत सांगितलं, वडील, पागा, विकलेले घोडे, तळहातावरचा गूळ. शौकतनं तिला फ्रेंचमध्ये सांगितलं. त्यानं थोडक्यात सांगितलं असावं, पण एका ठिकाणी त्यानं आपला हात अप्पांसारखा पुढे धरून दाखवला. ती हसली नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. शौकतकडे बघून एवढंच म्हणाली, आणि ते त्यानं आम्हाला नंतर सांगितलं : "यांनी आज सांगितलं म्हणून तू उद्याही इथंच आहेस. यांनी उद्या सांगितलं असतं तर नसतास." आणि कुत्र्याला घेऊन आत निघून गेली.

आम्ही निघालो. वीस पावलं गेलो असू, मागून शौकत धावत आला. त्याच्या हातात एक गाजर होतं.

"मॅडमनं दिलंय. म्हणाल्या, म्हाताऱ्याला म्हणावं, ह्ये चालतंय."

अप्पा परत फिरले. दाराच्या आत त्यांना घेतलं नाही, बारक्यालाच दारापर्यंत आणलं. अप्पांनी गाजराचे दोन तुकडे केले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. या वेळी मी फोन काढला नाही.

दुपारी त्या घुमटाच्या तबेल्यात आमचे पंचवीस प्रवासी आम्हाला भेटले. जयंतीभाईंनी झेंडा परत देताना सांगितलं, "बधा पूरा छे, त्रण वार गण्या." सगळे पूर्ण आहेत, तीनदा मोजले. अप्पा घुमटाखाली मधोमध उभे राहिले आणि वर बघत राहिले. तिथं खिडकीतून ऊन खाली येतं आणि त्यात गवताची धूळ तरंगत असते, इतकी सावकाश की ती खाली येते आहे की वर जाते आहे, सांगता येत नाही.

"वडील इथं घोडा होऊन आले असते तर ओळखू आले असते का हो, मनोहरराव?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला ते, की त्यांना तुम्ही?"

"तेही आहेच," अप्पा म्हणाले.

रविवारी दुपारी, शर्यत सुटायच्या वेळी, आमची बस स्वित्झर्लंडच्या रस्त्यावर होती. अप्पांची पुढच्या सीटची पाळी होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सीट जयंतीभाईंना देऊन मागं जाऊन बसले. कोल्हापुरात त्या वेळी एक बाई सगळ्या गल्लीला काय सांगत असेल, याचा विचार मी करत नव्हतो असं नाही.

घरी आल्यावर सुधाला सगळं सांगितलं. ती कैऱ्या फोडत होती. तिनं विळी बाजूला ठेवली. "माझ्या हातचं खाऊन आजवर कुणाचं वाईट झालं नव्हतं," एवढंच म्हणाली. डबा दोनदा घासला आणि माळ्यावर टाकला. त्यानंतर आमच्या घरी सुखडी झाली नाही. अप्पा एकदा येऊन तिला समजावून गेले, "सूनबाई, सुखडीचा दोष नाही, रीत माझी." तिनं त्यांना चहाबरोबर बिस्किटं दिली.

तीन आठवड्यांनी शौकतचा निरोप आला. खाली चित्रफीत होती. तेच रेसकोर्स, मागं तोच घुमट, आणि पिंगट घोड्यांच्या घोळक्यातून, शेवटच्या वळणावर, बाहेरच्या अंगानं एक घोडा सुटला. शौकतनं लिहिलं होतं : बारक्या दुसरा आला. आई गल्लीत पेढे वाटतेय. आज्जाला दाखवा.

मी स्कूटर काढून अकोट्याला गेलो. अप्पांनी ती चित्रफीत बाराएक वेळा पाहिली. शेवटी शेवटी त्यांनी पडद्याकडे बघणंच सोडलं, फोन नुसता कानाशी धरला आणि डोळे मिटून टापा ऐकत राहिले. निघताना त्यांनी फोन परत दिला तो दोन्ही हातांनी.

घरी येऊन सुधाला दाखवलं. तिनं चष्मा लावला, ओट्याशी उभ्या उभ्या शर्यत पाहिली, मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मी म्हणालो, बघ, पहिल्याच शर्यतीत दुसरा आला. तिनं स्टूल ओढलं, त्यावर चढून माळ्यावरचा डबा खाली काढला, पदरानं पुसला आणि म्हणाली, "अर्धाच तुकडा दिलात. अख्खा दिला असतात तर पहिला आला असता."